तीन चौरस किलोमीटरला एक माणूस: सँडहिल्समधल्या एका पोस्टिंगचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या एका मित्राचं आहे, त्याला विचारूनच लिहितोय. त्याचं नाव, काउंटीचं (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचं) नाव, हॉस्पिटलचं नाव काही टाकत नाहीये, कारण तिकडे लोकच इतके कमी आहेत की एक खूण सांगितली तरी माणूस सापडतो. राज्य नेब्रास्का, भाग सँडहिल्स, एवढं पुरे. माझं काम नकाशांचं, म्हणजे जीआयएसचं. या प्रकरणात मी सल्लागार होतो असं म्हणता येईल, आणि माझेही दोन अंदाज सपशेल चुकले, ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

डॉक्टर मूळचा लातूरकडचा. एमबीबीएस झाल्यावर सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष त्याने गडचिरोलीत एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) काढलं, मग परीक्षा देऊन अमेरिकेत इंटरनल मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं पुढचं प्रशिक्षण, जे-वन व्हिसावर. आता जे-वनची गोम अशी की रेसिडेन्सी संपली की दोन वर्षं मायदेशी जाऊन राहायचं, नाहीतर वेव्हर, म्हणजे त्यातून सूट, मिळवायचा. वेव्हरचा सगळ्यात चालू रस्ता म्हणजे कॉनराड प्रोग्रॅम, १९९४ पासूनचा, प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा, आणि अट ही की जिथे डॉक्टरांची टंचाई आहे तिथे तीन वर्षं आठवड्याला ४० तास काम करायचं. म्हणजे आपल्या बाँडचाच अमेरिकन भाऊ. त्यामुळे अमेरिकेत अगदी आडगावच्या हॉस्पिटलात गेलात तर डॉक्टर पटेल किंवा डॉक्टर रेड्डी भेटतातच, अधूनमधून आपला एखादा पाटील पण.

सप्टेंबरात त्याचा फोन आला, "अरे तुझं ते नकाशांचं काम असतं ना, मला जरा सांग ही जागा नक्की कुठेय."

तर जागा. सँडहिल्स म्हणजे नेब्रास्काच्या उत्तर-पश्चिमेला पसरलेल्या वाळूच्या टेकड्या, सुमारे ५० हजार चौरस किलोमीटर, राज्याचा चौथा हिस्सा. वाळवंट म्हणावं तर नाही, कारण वाळूवर गवत धरलंय, आणि खाली ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे, तो दोन टेकड्यांच्या मधल्या सखल जागी तळ्यासारखा वर येतो. पण गवताची साल निघाली की खाली वाळूच. त्यामुळे नांगर चालत नाही, गुरंच चालतात. सगळी लोकसंख्येची गोष्ट या एका वाक्यात आहे खरं तर.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने माणशी १६० एकर जमीन मिळायची, ती आयोवात भरपूर होती पण इथे तेवढ्यावर कुटुंब जगेना, म्हणून १९०४ ला किंकेड कायदा करून पश्चिम नेब्रास्कात ६४० एकर द्यायला लागले. लोक आले, बऱ्याच जणांनी नांगरलं, वाळू उडाली, आणि शेजारच्या रँचवाल्याला, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणाच्या मालकाला, जमीन विकून निघून गेले. तेव्हापासून रँच मोठे होतायत आणि माणसं कमी.

चेरी काउंटीचं उदाहरण घ्या (डॉक्टरची काउंटी ही नव्हे, पण आकडा बोलका आहे म्हणून). क्षेत्रफळ साधारण १५,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यापेक्षा मोठी, गडचिरोली १४,४१२ आहे. १९२० च्या सुमाराला तिथे अकरा हजारांवर लोक होते, २०२० च्या जनगणनेत ५,४५५. त्यातले जवळपास निम्मे एकट्या व्हॅलेंटाइन गावात. गडचिरोलीत २०११ ला १० लाख ७२ हजार होते, आणि तो जिल्हा आपण विरळ म्हणतो! तिकडे चौरस किलोमीटरला ७४ माणसं, इकडे तीन चौरस किलोमीटर मिळून एक.

आणि चेरी तरी बरी म्हणायची. मॅकफर्सन काउंटी २०२० ला ३९९, ब्लेन ४३१, आर्थर ४३४. तिन्हींची बेरीज १,२६४. आपल्याकडे आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र धरतात, पीएचसी नाही, उपकेंद्र, एक एएनएम ताई असते ते. या हिशोबाने या तीन काउंट्या मिळून अर्धं उपकेंद्रसुद्धा मंजूर होत नाही, आणि जमीन मुंबईच्या जवळपास दहापट. पण प्रत्येकीला स्वतःचं कोर्टहाउस आहे, शेरीफ आहे, निवडून आलेले कमिशनर आहेत. डॉक्टरला हे सांगितल्यावर तो बराच वेळ हसत होता, म्हणे आमच्या पीएचसीच्या एका दिवसाच्या ओपीडीत निम्मी काउंटी संपली असती.

अडचण

ऑफरच्या कागदात लिहिलं होतं, सर्व्हिस एरिया चार काउंट्या, मुख्य ठिकाणी हॉस्पिटल, शिवाय आठवड्यातून एकदा पश्चिमेला एका छोट्या गावात क्लिनिक. हॉस्पिटल क्रिटिकल ॲक्सेस प्रकारचं. हा प्रकार १९९७ च्या कायद्यातून आला, जास्तीत जास्त २५ खाटा, सहसा दुसऱ्या हॉस्पिटलपासून ३५ मैलांवर, आणि त्या बदल्यात मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा, खर्चाच्या हिशोबाने पैसे देतं, नाहीतर ही हॉस्पिटलं कधीच बंद पडली असती.

पगार चांगला. घर हॉस्पिटलच देणार. घरात तीन माणसं: डॉक्टर, वहिनी, आणि तीन वर्षांची मुलगी. वहिनी सॉफ्टवेअरवाल्या, पण वेव्हरनंतर डॉक्टर एच-वन या नोकरीच्या व्हिसावर जाणार म्हणजे त्या एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, आणि एच-फोरवर कामाची परवानगी २०१५ पासून मिळते खरी पण नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्याला पोचल्यावर. म्हणजे सुरुवातीची दोनेक वर्षं तरी घरी. दोघांचा प्रश्न साधा होता: आपण इथे तीन वर्षं राहू शकतो का? आणि आकड्यांवरून तेवढंच काही कळेना.

काय काय पर्याय होते

पहिला, दोन वर्षं भारतात परत. त्यावर घरात एका संध्याकाळपेक्षा जास्त चर्चा झाली नाही. दुसरा, आणखी कुठलं राज्य बघायचं, पण जागा ३० च, आणि बऱ्याच राज्यांत त्या लवकर भरतात, हातातलं सोडून पळत्याच्या मागे कोण लागणार. तिसरा, वहिनी आणि मुलगी इंटरस्टेट महामार्गाजवळच्या मोठ्या गावात राहतील आणि डॉक्टर सात दिवस ड्युटी सात दिवस घरी असं करेल. चौथा, सगळ्यांनी काउंटीतच राहायचं.

मी तिसऱ्याच्या बाजूचा होतो. नकाशावर ते दोन तासांचं अंतर होतं, आणि दोन तास म्हणजे पुणेकर-मुंबईकरांना काय वाटतं, जेवून निघू. वहिनींनी तो पर्याय उडवला. त्यांचं म्हणणं असं की बाँडच्या वर्षात हा एकटा राहिला तेव्हा आमचं लग्न नव्हतं झालेलं, आता तीन वर्षं मी एका अनोळखी गावात, तो दुसऱ्या अनोळखी गावात, मग दोघं एकाच अनोळखी गावात का नको? याला उत्तर नव्हतं.

ऑक्टोबरात दोघं इंटरव्ह्यूला जाऊन आले. ऑक्टोबर म्हणजे गवत तांबूस झालेलं, आकाश निळंशार, समोरून येणारी प्रत्येक पिकअप स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करते. वहिनींनी पन्नास फोटो पाठवले. त्यातला एक माझ्याकडे अजून आहे: पवनचक्की, तिच्या पायाशी गोल टाकी, टाकीभोवती काळी गुरं, आणि बाकी क्षितिजापर्यंत काहीच नाही. सही झाली.

आता मागे वळून बघता इथे पहिली चूक. जागा बघायला जायचं तर फेब्रुवारीत जायला हवं होतं. गडचिरोलीत पोस्टिंग घेणाऱ्याने उन्हाळ्यात चक्कर मारून, रस्ता चांगला आहे की, म्हणण्यासारखं झालं हे. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की भामरागड तुटतं हे डॉक्टरला चांगलं माहीत होतं, तरी इकडे तो प्रश्न विचारायचं सुचलं नाही, कारण इकडे पूल मोठे, रस्ते गुळगुळीत, मग तुटणार कशाने.

काय केलं आणि काय झालं

मी त्याला एक नकाशा करून दिला. हॉस्पिटलपासून अर्धा तास, एक तास, दोन तास असे गाडीच्या वेळेचे पट्टे, आणि त्यावर लोकसंख्येचे ठिपके. दिसायला फार छान होता, डॉक्टरने प्रिंट काढून ऑफिसात लावला.

त्यात दोन भानगडी होत्या. एक म्हणजे २०२० च्या जनगणनेत लोकांची खाजगी माहिती लपवायला आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळलेली आहे. शहरात ती कळतही नाही, पण छोट्या जागी हसू येतं. याच नेब्रास्कात मोनोवाय नावाचं गाव आहे, तिथे खरी वस्ती एका बाईंची, आणि जनगणनेत दोन दाखवले. मला हे माहीत होतं, तरी मी ब्लॉक पातळीचे, म्हणजे जनगणनेच्या सगळ्यात लहान तुकड्यांचे, आकडे जसेच्या तसे वापरले, आळस दुसरं काय. ज्या चौकोनात मी शून्य माणसं दाखवली होती तिथून तिसऱ्या महिन्यात ॲम्ब्युलन्सचा कॉल आला. सत्तरीचं जोडपं राहत होतं तिथे, कित्येक वर्षांपासून.

दुसरी भानगड रस्त्यांची. डेटात रस्ता आहे म्हटल्यावर मी त्याला एक वेग लावून टाकला. प्रत्यक्षात हायवे सोडला की एकेरी डांबरी, ते संपलं की वाळूतल्या दोन चाकोऱ्या, आणि मध्ये मध्ये गुरं जाऊ नयेत म्हणून जमिनीत लोखंडी पाइपांची जाळी. ऑगस्टात डॉक्टर एका पेशंटला घरी बघायला निघाला, जीपीएसने आणि माझ्या नकाशाने दोघांनी एकमताने जवळचा रस्ता दाखवला, आणि हायवेपासून तीन मैलांवर त्याची सेडान पुढच्या दोन्ही चाकांनी वाळूत बसली. ॲक्सिलरेटर दाबला की आणखी खोल. फोनला रेंज नाही. दीड तास तो गाडीच्या सावलीत बसून होता, मग एक रँचर पिकअप घेऊन आला, त्याने आधी चारही टायरची हवा कमी केली, मग साखळी लावून ओढली, आणि कशाला आलास वगैरे काही न विचारता एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी पवनचक्कीपाशी वळायचं नाही. परत जाताना स्वतःच्या कंप्रेसरने हवा भरून दिली.

त्यानंतर डॉक्टरने मला न सांगता माझ्या नकाशावर लाल पेनने खुणा करायला सुरुवात केली. हॉस्पिटलात शिफ्टनंतर बसलेल्या ॲम्ब्युलन्सच्या व्हॉलंटियरना विचारून, कारण त्यांतला एक शाळेची बस चालवतो, एक जण चारा बांधतो, त्यांना प्रत्येक गेट पाठ. वर्षभरात तो नकाशा माझा राहिलाच नाही.

वेळेचा घोळ वेगळाच. सँडहिल्समधून टाइमझोनची रेष जाते, चेरी काउंटीचे तर तिने दोन भागच केलेत, पूर्वेला सेंट्रल, पश्चिमेला माउंटन. डॉक्टरचं मंगळवारचं क्लिनिक रेषेच्या पलीकडे. पहिल्या मंगळवारी तो ९ ला बरोब्बर पोचला, तिकडे वाजले होते ८, कुलूप. गंमत पुढेच, त्याने क्लिनिक साडेबाराला संपवून दुपारी तीनला हॉस्पिटलात पेशंट दिले होते, पण तिकडचे साडेबारा म्हणजे इकडचे दीड, वर पावणेदोन तासांची गाडी. पेशंट बसून राहिले. रिसेप्शनवालीने नंतर प्रत्येक अपॉइंटमेंटपुढे फास्ट टाइम, स्लो टाइम असं लिहायला सुरुवात केली, तेव्हा थांबलं.

निर्णयाची खरी वेळ

हे सगळं चहाबरोबर सांगण्यासारखं आहे. पुढचं तितकं नाही.

जुलैत रुजू व्हायच्या आधीच कळलं होतं की वहिनींना दिवस गेलेत, तारीख जानेवारीचा शेवटचा आठवडा. आणि रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की या हॉस्पिटलात बाळंतपणं होत नाहीत. कधीकाळी व्हायची, वर्षाला इतकी कमी उरली की नर्सांचा हात राहत नाही, मग बंद केली. जवळचं प्रसूतीचं हॉस्पिटल तेच, इंटरस्टेटजवळच्या गावात, दोन तासांवर. इंटरव्ह्यूत डॉक्टरने खाटा विचारल्या, सीटी स्कॅन विचारला, रात्रीच्या ड्युट्या विचारल्या, पण बाळंतपणाचं विचारलं नाही, कारण तो इंटरनल मेडिसिनचा, त्याच्या कामात ते येत नाही. पेशंट म्हणून आपण तिथे काय करणार हा प्रश्न डॉक्टरला पडतच नाही, हे मी आता बऱ्याच जणांत बघितलंय.

मग परत पर्याय. कळा सुरू झाल्या की निघायचं, पहिलं बाळंतपण लांबलं होतं म्हणून दुसऱ्यालाही वेळ मिळेल अशा आशेवर? हा डॉक्टरचा स्वतःचा विचार होता, आणि तिथल्या बऱ्याच बाया तसंच करतात. की तारीख ठरवून आधी ॲडमिट होऊन कळा आणवायच्या? की ३७ आठवडे भरले की वहिनींनी त्या गावात जाऊनच राहायचं? हेलिकॉप्टर असतं पण ते बर्फात उडत नाही, आणि गरज नेमकी बर्फातच लागणार.

निर्णय वहिनींनीच घेतला, तिसरा. काकू, म्हणजे डॉक्टरची आई, त्यांचा व्हिजिटर व्हिसा आधीचा होता, त्या डिसेंबरात आल्या, येताना डिंक, अळीव, सुंठ सगळं घेऊन (अळीव कस्टमने बघितले, हुंगले, परत दिले). जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वहिनी, काकू आणि मुलगी एका किचनवाल्या मोटेलात राहायला गेल्या, डॉक्टर शनिवार-रविवार जाणार.

चौथ्या आठवड्यात ब्लिझर्ड आलं. बर्फ फार नव्हता पडला म्हणे, वारा होता, आणि तिकडे अडवायला झाड नाही की घर नाही, पडलेला बर्फच आडवा वाहत राहतो, गाडीचं बॉनेट दिसत नाही. हायवे बंद केला. त्याच रात्री वहिनींना कळा सुरू झाल्या. त्या हॉस्पिटलपासून सात मिनिटांवर होत्या, म्हणजे योजना अगदी बरोबर ठरली, आणि डॉक्टर मात्र दोन तास पलीकडे, बंद रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. त्या रात्री हॉस्पिटलात तो एकटाच डॉक्टर, त्यामुळे रस्ता चालू असता तरी निघता आलं नसतं. मुलगा झाला तो त्याने फोनवर बघितला, फोन काकूंच्या हातात, त्यामुळे जास्त वेळ छतच दिसलं. तिसऱ्या दिवशी बर्फ हटवणाऱ्या गाडीमागून तो पोचला.

आम्ही बाळंतिणीला रस्त्याच्या योग्य बाजूला ठेवलं आणि बापाचा विचारच केला नाही. नकाशावर तो हॉस्पिटलाचा ठिपका होता ना, ठिपका हलत नसतो.

निकाल

तीन वर्षं पूर्ण झाली. पहिला हिवाळा वहिनींना फार जड गेला, दुसऱ्यात त्या गावच्या लायब्ररीत शनिवारी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला लागल्या, बिनपगारी, तिथे येणारी मुलं जेमतेम सहा-सात, पण त्यांतली दोन चाळीस मैलांवरून येत. मे महिन्यात वासरांना डाग द्यायच्या वेळी शेजारपाजारचे सगळे रँचवाले एकमेकांकडे राबायला जातात, आपल्या इर्जिकीसारखं, तिथे डॉक्टरला दोनदा बोलावलं, लस टोचायचं काम दिलं. शाकाहारी जेवण मागितल्यावर वहिनींना बटाटा मिळाला, तिन्ही वर्षं बटाटाच.

मुलगी शाळेत गेली तेव्हा तिच्या वर्गात पाच जण होते. ती गेल्यावर चार राहिले. मॅकफर्सनमध्ये दहा वर्षांत ५३९ चे ३९९ झाले असं मी पूर्वी तक्त्यात वाचायचो, ते असं एकेका कुटुंबाने होतं.

कारण ते निघालेच. ओमाहा शहराजवळ नोकरी मिळाली, वहिनींना तोवर परवानगी मिळाली होती आणि त्यांचं काम तिथे होतं. हॉस्पिटलने पगार वाढवून थांबवायचा प्रयत्न केला, पण अडत होतं ते पगारापाशी नव्हतंच. जागा परत रिकामी, परत वेव्हरवाला शोधणं सुरू.

परत करायचं झालं तर

दोघांचंही म्हणणं, जायचं तर जाऊच. पण फेब्रुवारीत बघायला जाऊ. घरातल्या प्रत्येक माणसाला तीन वर्षांत कुठली डॉक्टरी लागू शकते ती यादी घेऊन हॉस्पिटलला विचारू, दातांसकट. बाळंतपण असेल तर बापाची रजा आणि त्याच्या जागी येणारा बदली डॉक्टर हे करारातच लिहून घेऊ, तोंडी नाही. गाडी पहिल्या दिवसापासून उंच घेऊ. हिवाळ्यात डिकीत फावडं, स्लीपिंग बॅग, मेणबत्त्या, आणि गाडी अडकली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, हे तिथल्या माणसाने पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं ते डॉक्टर अजून इतरांना सांगतो.

माझ्यापुरतं म्हणाल तर दर चौरस मैलाला किती माणसं हा आकडा मी आता नकाशाच्या वर मोठ्या अक्षरांत लिहीत नाही, खाली कोपऱ्यात लिहितो. आधी विचारतो की रात्री दोन वाजता या घरून कोण कुठे कुठल्या रस्त्याने जाणार, आणि तो रस्ता जानेवारीत असतो का. जुलैत नायोब्रारा नदीवर तराफे घेऊन येणारी गर्दी आणि शिकारीच्या दिवसांतले पाहुणे जनगणनेत नसतात पण इमर्जन्सीत असतात, तेही डॉक्टरनेच शिकवलं.

गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला. त्याच जागी एक तेलुगू मुलगा रुजू होतोय, बायको आणि छोटं बाळ आहे, त्याने नकाशा मागितलाय. मी म्हटलं पाठवतो. तर म्हणाला, "तुझा नको पाठवू, माझा पाठव, लाल पेनवाला. मी स्कॅन करून देतो."